जुन्या गाण्यातल्या अपमानाची जबाबदारी गीतकाराने कशी घ्यावी?

दर्शनी_पडदा (प्रश्न)

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला निवृत्त शाळामास्तर. गावच्या जत्रेला होणाऱ्या उत्सवी नाटकांसाठी मी सुमारे वीस वर्षे पदे आणि विनोदी गाणी लिहिली. आपल्याकडे रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि पहिल्या अंकाचा राजवाडा उतरवून दुसऱ्या अंकाचे अरण्य उभे करायला पूर्वी चांगला अर्धा तास लागत असे. तेवढा वेळ दर्शनी पडद्यापुढे उभे राहून कोणीतरी प्रेक्षकांना धरून ठेवावे लागे. माझी गाणी त्या अर्ध्या तासाची. तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात, साधारण त्याच जातीची.

१९९५ साली कोकण रेल्वेचे काम आमच्या तालुक्यात चालू होते. पेडण्याच्या बोगद्याची माती ओली आणि मऊ, जेवढी खणून काढावी तेवढी वरून खाली येई. मजूर बहुतेक घाटावरचे आणि कर्नाटकातले होते आणि त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्या आमच्या काजूच्या भाटाच्या (बागेच्या) कडेला होत्या. त्यांच्यावर मी एक गाणे लिहिले. त्यात एक ‘घाटी’ डोक्यावर पाटी घेऊन येतो, मोडक्या कोकणीत भाव विचारतो, हसे करून घेतो आणि निघून जातो. ‘घाटी’ आणि ‘पाटी’ हे यमक आयतेच हाती आले होते. तिसऱ्या कडव्यात त्याची बायको गावच्या विहिरीवर पाण्याला येते आणि गाव म्हणतो की बाव (विहीर) बाटली. ‘बाटली’ या शब्दावर गायक अंगठा तोंडाला लावून दारूची बाटली रिचवल्याचा अभिनय करायचा आणि त्या एका श्लेषावर मंडप डोक्यावर घेतला जायचा.

१९९६ साली त्याची कॅसेट निघाली, तिच्यावर गीतकार म्हणून माझे नाव आहे. गायक आता हयात नाही. अलीकडे कोणीतरी ते गाणे नवा ठेका घालून इंटरनेटवर टाकले आणि पोरे त्यावर नाचतानाचे व्हिडिओ करू लागली. त्यामुळे आमच्या मंडळालाही त्याची आठवण झाली. येत्या जत्रेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि मी ते गाणे स्वतः म्हणायचे, असा त्यांचा बेत आहे.

पणजीला शिकणाऱ्या माझ्या नातीने ते ऐकून मला एवढेच विचारले, “आजोबा, बाव खरेच बाटली होती का?” खरे उत्तर असे आहे की त्या बायकांना विहिरीच्या कठड्याला हात लावू दिलाच नव्हता. त्या घागर खाली ठेवून दूर उभ्या राहत आणि गावातले कोणी मनात आले की वरून पाणी ओतत असे. शाळेला जाताना मी ते रोज पाहत होतो. गाण्यात मात्र मी ते उलटे करून लिहिले, कारण तसे ते विनोदी होत होते.

आता मी काय करावे? गायला नकार द्यावा, तिसरे कडवे गाळून गावे, शब्द बदलावेत, की जुने ते जुने म्हणून सोडून द्यावे? गायकाच्या घरच्यांना त्या गाण्याचा अभिमान आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

सहा_तारा

मास्तर, मी बार्देसचा. कळंगुट-बागा भागातल्या हॉटेलांत बरीच वर्षे गिटार वाजवली. इंग्रजी गाण्यांच्या जगात हा प्रश्न अनेकांना पडून गेला आहे आणि प्रत्येकाने तो वेगळ्या रीतीने सोडवला आहे, म्हणून माहितीपुरते लिहितो.

रोलिंग स्टोन्स या बँडने १९७१ सालचे ‘ब्राउन शुगर’ हे गाणे २०२१ च्या दौऱ्यातून काढले. त्यात गुलाम स्त्रियांवरच्या अत्याचाराचा उल्लेख नाचत्या चालीवर येतो. एल्व्हिस कॉस्टेलोने २०२२ साली सांगितले की ‘ऑलिव्हर्स आर्मी’ हे १९७९ चे आपले सर्वांत गाजलेले गाणे तो यापुढे गाणार नाही, आणि रेडिओनेही ते लावू नये. त्यातला वंशवाचक शब्द कोणाला हिणवण्यासाठी नव्हता. ब्रिटिश सैन्यात त्याच्या आजोबांना लोक जे म्हणत तेच त्याने लिहिले होते. हेतू स्वच्छ असूनही त्याने गाणे सोडले, कारण पुढच्या काळात ऐकणाऱ्यांच्या कानी हेतू पोचत नव्हता, केवळ शब्द पोचत होता. बियॉन्सेने २०२२ साली अपंगांना लागणारा एक शब्द गाणे प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच बदलून घेतला. पॅरामोर या बँडने आपले २००७ सालचे गाणे २०१८ मध्ये थांबवले आणि २०२२ मध्ये पुन्हा म्हणायला सुरुवात केली. म्हणजे थांबवणे कायमचेच असावे लागते असेही नाही.

मला स्वतःला पटलेले उदाहरण बीस्टी बॉइजचे आहे. १९८६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बायकांबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल बरेच वाह्यात होते. त्यांच्यातल्या एकाने १९९४ साली दुसऱ्या एका गाण्यातच स्त्रियांविषयीचा अनादर थांबला पाहिजे असे म्हटले, आणि १९९९ मध्ये दुसऱ्याने न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहून समलिंगी समाजाची माफी मागितली. पहिला अल्बम बाजारातून गेला नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांना पुढचेही ऐकायला मिळाले, इतकेच.

कडवे गाळून गाणे मात्र मला सर्वांत कमी पटते. तुमच्या मंडपातल्या निम्म्या लोकांना तिसरे कडवे पाठ असेल. तुम्ही दुसऱ्यावर थांबलात की तिसरे ते स्वतः म्हणतील, अभिनयासकट.

घुमट_आरती

वरच्या सर्व उदाहरणांबद्दल आदर राखून मी वेगळे मत मांडतो. गाणे त्या काळाचे होते, मंडप त्या काळाचा होता आणि हसणारी माणसेही त्या काळाची होती. शिगम्याला आपल्या वाड्यावाड्यांवर जे म्हटले जाते ते छापता येण्याजोगे नसते, म्हणून कोणी शिगमो बंद केलेला नाही.

दुसरे असे की ‘घाटी’ हा शब्द आम्हीही ऐकला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी माझे वडील मराठीच्या आणि गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने उघडपणे उभे होते आणि बाजारात त्यांना घाटी म्हणत. ५४ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली आणि आमची बाजू हरली, त्यानंतर तर फारच. वडिलांनी कधी कोणाकडे माफी मागितली नाही. ते म्हणत की शब्दाला आपण जेवढे वजन देऊ तेवढेच त्याचे वजन.

आणि मग थांबायचे कुठे? ‘हांव सायबा पलतडी वेतां’ ही देखणी (नाचत म्हणायचे कोकणी गाणे) आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात नाचवतो. दामूच्या लग्नात नाचायला निघालेली कलावंतीण नावाड्याला नथ देऊ करते आणि पलीकडे सोडायला सांगते. ‘बॉबी’ने १९७३ साली ती चाल साऱ्या देशात पोचवली. त्या बायकांच्या समाजाने स्वतःची संस्था उभारली, गोमंतक मराठा समाज हे नाव घेतले आणि मुलामुलींना शिकवून ती जुनी ओळख मागे टाकली. त्यांच्या नातींनी उद्या या देखणीवर आक्षेप घेतला तर आपण तीही बंद करणार का? मास्तरांनी सत्कार घ्यावा आणि गाणे म्हणावे.

डिचोलीचा_वकील

कायद्याची बाजू तेवढी सांगतो, कारण ‘गाणे काढून टाका’ असे म्हणणे सोपे असले तरी ते कोण काढू शकतो हे अनेकांना माहीत नसते.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीताचे शब्द आणि त्याचे ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्दांचा पहिला मालक आपण, अर्थात त्या वेळी कॅसेट काढणाऱ्याने आपल्याकडून कशावर सही घेतली हे पाहावे लागेल. तो कागद सापडत असेल तर आधी तो शोधा. ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅसेटवरचा त्याचा हक्क २०५६ अखेरपर्यंत चालेल. शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो, म्हणजे आपल्या नातीलाही या गाण्याबद्दल कधीतरी निर्णय घ्यावा लागणार आहे.

कलम ५७ कवीला विशेष हक्क देते. हक्क विकला असला तरी आपले नाव लावून घेण्याचा, आणि कृतीची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणणाऱ्याला रोखण्याचा. पण गंमत अशी की येथे मोडतोड झालेली नाही, ठेका तेवढा बदलला आहे. कृती जशीच्या तशी आहे आणि बाधा तिच्यामुळेच येते आहे. ‘माझे मत बदलले, म्हणून कृती परत घेतो’ असा माघारीचा हक्क फ्रान्सच्या कायद्यात आहे, तोही प्रकाशकाची नुकसानभरपाई आधी दिली तर. आपल्या कायद्यात तो नाही. कलम २१ खाली आपण आपला हक्क सोडून देऊ शकता, पण हक्क सोडला म्हणजे गाणे मोकळे झाले, नाहीसे झाले नाही.

नवा ठेका घालून चढवलेल्या व्हिडिओबद्दल विनापरवाना वापराची तक्रार करता येईल आणि शब्दांचा हक्क आपल्याकडे राहिला असल्यास तो बहुधा उतरेलही. मात्र तसे करताना आपण ‘माझी मालमत्ता चोरली’ असे म्हणत असाल, ‘माझे चुकले’ असे नव्हे. हा फरक कायद्याच्या नजरेत शून्य आहे, तरी आपण मास्तर आहात म्हणून लिहिला.

एक उदाहरण आपल्याच देशातले. २००७ साली ‘आजा नचले’ चित्रपटाच्या शीर्षकगीतात मोची स्वतःला सोनार म्हणवतो अशा आशयाची ओळ होती. उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली, तेव्हा निर्मात्यांनी माफी मागून ती ओळ काढली. बंदी उठली आणि विषय संपला. कवीला ती ओळ का सुचली असेल आणि ती ऐकून मोच्याच्या घरात काय झाले असेल, यावर फारसे कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. दडपणाखाली मागितलेली माफी जलद असते, आपल्यावर अद्याप कोणाचे दडपण नाही.

वास्कोची_शिक्षिका

हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

माझे वडील चंदगड तालुक्यातून मुरगाव बंदरावर कामाला आले. आमची मातृभाषा मराठी. मी गोव्यात जन्मले, येथेच शिकले आणि आता येथेच शिकवते. चंदगड घाटमाथ्यावर आहे, तेव्हा शब्दकोशाच्या हिशेबाने आम्ही घाटी आहोतच आणि त्यात अपमानास्पद काही नाही. अपमान कोशात कधीच नव्हता, तो उच्चारात होता.

मास्तर, तुमचे गाणे मी पहिल्यांदा सातवीत असताना सहलीच्या बसमध्ये ऐकले. चालकाने कॅसेट लावली होती. पहिल्याच ओळीला सगळी बस मागे वळून माझ्याकडे पाहू लागली आणि आम्हाला घेऊन जाणाऱ्या बाईही ओठ दाबून हसल्या. तुम्हाला वाटेल की मी रडले. मी रडले नाही. मी ते गाणे सर्वांपेक्षा मोठ्याने म्हटले. तिसऱ्या कडव्याला मी अंगठाही तोंडाला लावला. कारण बाराव्या वर्षी मला एवढे कळले होते की हसणाऱ्यांत आधी जाऊन बसले की आपल्यावर हसणे थोडे कमी होते. पुढे वर्षभर स्नेहसंमेलनात, वाढदिवसांना मला ते ‘म्हणून दाखव’ असे सांगत आणि मी म्हणत असे. घरी मी ते कधीच गुणगुणले नाही. आईला चाल आवडली असती आणि तिने शब्द विचारले असते.

घुमट_आरती यांना माझे एवढेच सांगणे आहे की तुमच्या वडिलांना तो शब्द एका राजकीय बाजूबद्दल मिळाला. ती बाजू त्यांनी निवडली होती आणि त्यांना घाटी म्हणणाऱ्यालाही ते घाटी नाहीत हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या विहिरीचे पाणी त्यामुळे बंद झाले नाही. देखणीबद्दलचा प्रश्न मात्र तुम्ही योग्य विचारला आहे, पण तिचे उत्तर द्यायला तिचा कवी नाही. येथे कवी स्वतः विचारतो आहे. हे वारंवार घडत नाही.

मास्तर, शब्द बदलू नका. ‘घाटी’च्या जागी ‘पाहुणा’ घातलात तर ऐकणाऱ्याला मूळ शब्द आठवेल आणि वर हसूही येईल. गाणे उतरवण्यासाठी धडपडू नका, आज उतरवाल आणि उद्या दुसरा चढवील. माझी माफी मागू नका. मला त्यावर ‘असू दे हो’ म्हणावे लागेल आणि तेही काम माझ्याच गळ्यात पडेल.

तुम्ही या प्रश्नात एक गोष्ट लिहिली आहे जी गाण्यात नाही. घागर खाली ठेवून दूर उभ्या राहिलेल्या बायका. ती मी इतक्या वर्षांत कोणाच्याच तोंडून ऐकलेली नाही, ना पेडण्याच्या माणसांकडून, ना आमच्या माणसांकडून. ज्या मंडपात ‘बाव बाटली’वर हशा झाला त्याच मंडपात ती सांगा. रत्नागिरीला कोकण रेल्वेच्या कामात दगावलेल्या मजुरांचे स्मारक आहे. तुमचे गाणे ज्यांच्यावर आहे ते हेच लोक. स्मारकावर विहिरीचे काही लिहिलेले नसणार. ते तुम्हालाच माहीत आहे.

सहा_तारा

बाई, तुमचे वाचल्यावर मला माझीच लाज वाटली. हे गाणे आम्हीही एका लग्नाच्या पार्टीत वाजवले आहे, आणि यजमानाने ते दोनदा वाजवायला लावले होते. माझ्या पहिल्या प्रतिसादात ते लिहायचे मी सोयीस्करपणे विसरलो.

घुमट_आरती

माझे मत पूर्ण बदललेले नाही. गाण्यांची झाडाझडती सुरू झाली की ती सरकारच्या हातात जाते, ही भीती मला अजूनही आहे. पण शिक्षिकाबाईंनी जो भेद दाखवला तो मला मान्य आहे, आणि वडिलांचे उदाहरण येथे लागू नव्हते हेही.

दर्शनी_पडदा

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवतो.

वकीलसाहेब, तो कागद सापडला. एका पानाचा आहे. मी एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क देऊन टाकले होते. रक्कम लिहीत नाही, कारण त्या काळीही ती हसण्यासारखी होती. तेव्हा तक्रार करण्याचा प्रश्न मिटला. व्हिडिओच्या खाली मी माझ्या नावाने प्रतिक्रिया लिहिली आहे. हे गाणे मी लिहिले आहे, तिसऱ्या कडव्यातली गोष्ट खोटी आहे, खरी अशी होती, असे चार ओळींत. त्यावर एकाने हसरे चेहरे टाकले आहेत आणि एकाने ‘आजोबा, पुढचा भाग काढा’ असे लिहिले आहे.

गायकाच्या घरी गेलो. त्याचा मुलगा आता दुकान चालवतो. मी म्हटले की तुझ्या वडिलांच्या गळ्याला काही लागू नये अशा रीतीने मी बोलेन. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पण मास्तर, अंगठा तोंडाला लावायचे बाबांना तुम्हीच शिकवले होते ना?” खरे आहे. गायकाला तो श्लेष कळलाच नव्हता. तालमीत मी उठून तो अभिनय करून दाखवला होता आणि तो तीन-चार वेळा त्याच्याकडून घोटून घेतला होता. हे मी वरच्या प्रश्नात लिहिले नाही. लिहिताना माझ्या मनात ते सर्व गायकाच्या खात्यावर जमा झाले होते.

मंडळाला सांगितले की शाल नको आणि गाणेही म्हणणार नाही. मात्र दुसऱ्या अंकाआधी मला दर्शनी पडद्यापुढे उभे राहू द्या, मला विहिरीबद्दल बोलायचे आहे. बैठकीत पुष्कळ चर्चा झाली. दोघांचे म्हणणे असे की जत्रेला बाहेरगावचे लोक येतात, गावाची बदनामी होईल. एक वयस्क सभासद म्हणाले की पाणी ओतणाऱ्यांत आपणही होतो, मास्तरांना बोलू द्या. शेवटी परवानगी मिळाली, पण अध्यक्षांनी जाताना बजावले की पूर्वीसारखा अर्धा तास मिळणार नाही. आता राजवाडा आणि अरण्य दोन्ही छापील फ्लेक्सवर असतात, एक गुंडाळून दुसरे सोडायला पाच मिनिटे लागतात, तेवढ्यात काय ते आटोपा.

त्यामुळे सध्या पाच मिनिटांत बसेल असे लिहितो आहे. कालपर्यंत अकरा मिनिटे होत होती.